घुंगरांचं वजन

सोळा नंबरचे घुंगरू, पायाला शंभर, म्हणजे जोडीला २००. सुती दोरीत एकेक गाठीनं बांधलेली अशी एक जोडी आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर सव्वादोन किलोच्या आसपास भरते. आठ मोठ्या जोड्या आणि लहान मुलींसाठी पायाला पन्नासच्या आठ, मिळून सत्तावीस किलो. रेल्वेच्या थ्री-टायर एसीत माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं. उरलेल्या तेरा किलोंत माझे दोन पोशाख, सरावाच्या ओढण्यांचा गठ्ठा, स्टॉलवर अंथरायची चादर, पायांना लावायच्या आलत्याच्या बाटल्या आणि डबा. मी ठाण्यात कथक शिकवते, आणि परगावच्या नृत्यमहोत्सवांत घुंगरांचा स्टॉल लावायला जाताना नऊ हिवाळे हे गणित मांडलं. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या इमारतीला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरून बॅग उतरवताना प्रत्येक पायरीवर घुंगरू वाजायचे आणि खालच्या काकू दार उघडून विचारायच्या, "निघालीस का गं? या वेळी कुठं?"

गेल्या महिन्यात ऐरोलीची माझी एक विद्यार्थिनी घरी आली. कथकची विशारद परीक्षा होऊन तिला दोन वर्षं झाली, स्वतःच्या सोसायटीच्या हॉलमध्ये छोटा क्लास घेते. चहा होईपर्यंत गप्प होती, मग म्हणाली, "ताई, तुमच्यासारखं मलाही फिरायचंय. दोन-तीन डान्स फेस्टिव्हलना स्टॉल लावीन, तिथंच वर्कशॉप घेईन. परवडतं का हो?"

मला पटकन उत्तर देता येईना. मी कपाटातून माझ्या हिशेबाच्या वह्या काढून तिच्या पुढ्यात ठेवल्या. त्या दुपारी आम्ही दोघींनी त्या वह्या वाचल्या आणि कित्येक गोष्टी मलाच पहिल्यांदा नीट दिसल्या.

इंदूरचं पान घ्या. तीन दिवसांचा महोत्सव होता. स्टॉलचं भाडं ९,०००. माझं आणि मदतीला आलेल्या मावसबहिणीचं जाण्यायेण्याचं तिकीट ५,६००. तीन रात्रींची खोली ६,०००. जेवण, रिक्षा, हमाल मिळून ३,४००. घरातून निघायचे आणि परत यायचे म्हणून २४,००० रुपये गेले. विक्री झाली ३१,८५०ची, आणि त्या वेळी तो आकडा पाहून मी फार आनंदले होते. रात्री फोनवर आईला म्हणाले होते, "अगं, तीस हजारांच्या वर गेलं!" पण त्यातली मालाची खरेदीच २०,४००ची होती. म्हणजे हातात राहिले ११,४५०. वर्कशॉपला चौदा मुली आल्या, प्रत्येकी हजार रुपये, त्यातला चाळीस टक्के वाटा आयोजकांचा, माझे ८,४००. सगळं जमा करून खर्च वजा केला की ४,१५० रुपये खिशातून गेलेले. शिवाय बॅगेत सहा मोठ्या आणि तीन लहान जोड्या तशाच परत. सतरा किलो पितळ ठाण्याहून इंदूरला नेलं आणि इंदूरहून ठाण्याला आणलं.

वहीत न लिहिलेलं एक नुकसान याहून मोठं होतं. शनिवार-रविवार हेच माझ्या क्लासचे दिवस. मी गेले की तुकड्या बंद. पालक तक्रार करत नाहीत, फक्त विचारतात, "या आठवड्याचा क्लास भरून काढणार ना?" मग मंगळवारी-बुधवारी संध्याकाळी, शाळा आणि ट्यूशन उरकून दमलेल्या मुली येतात आणि मीही दमलेलीच उभी राहते. त्यातून नृत्यमहोत्सवांचा हंगाम हिवाळ्याचा, आणि गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांचं एक सत्र नोव्हेंबर-डिसेंबरचं. एका वर्षी मध्यमा पूर्णच्या पाच मुली परीक्षेला बसल्या होत्या. त्यांना तोंडी प्रश्नांची शेवटची तयारी करून द्यायची, त्या रविवारी मी दुसऱ्या गावी टेबलामागे उभी राहून आलत्याची किंमत सांगत होते. मुली पास झाल्या. पण त्यातली एक लयकारी, म्हणजे लयीचे पट, हातावर म्हणताना अडखळली, आणि ती का अडखळली हे मला माहीत होतं. त्या रविवारची किंमत मी कुठल्याही पानावर मांडलेली नाही.

आता मुद्दा असा की घुंगरू खपत का नाहीत. माल चांगला असतो. पूर्वी मी भुलेश्वरातून घ्यायचे, नंतर उत्तर प्रदेशातल्या एटा जिल्ह्यातल्या जलेसरहून मागवू लागले. घुंगरू आणि घंटांसाठी ते गाव ओळखलं जातं. आलेल्या मालातला एकेक घुंगरू मी कानाशी धरून वाजवते. ज्याचा आवाज बसका, तो बाजूला. एका पायातले सगळे एका सुरात बोलले पाहिजेत असं नाही, पण एखादा जरी खडखडला तरी तत्कार, म्हणजे पायांनी वाजवलेले बोल, गढूळ होतो. मग ओवणं. भरतनाट्यमच्या घुंगरांसारखे कथकचे घुंगरू चामड्याच्या किंवा मखमलीच्या पट्ट्यावर शिवलेले नसतात. दोरीत प्रत्येक घुंगराची स्वतंत्र गाठ असते. गाठ सैल राहिली तर घुंगरू लोंबतो, फार आवळली तर तो मोकळा बोलत नाही. एका पायाला माझे अडीच-तीन तास जातात, आणि शेवटच्या तासात तर्जनीवर दोरीचा वळ उठतो.

एवढं करून टेबलावर मांडले की लोक येतात, उचलतात, हातानं झुळझुळ वाजवतात, "वा, काय आवाज आहे!" म्हणतात आणि ठेवून देतात. पहिली काही वर्षं मला वाटायचं की किंमत जास्त होत असेल. कुणी माझ्यासमोरच मोबाइलवर भाव काढून बघायचे. मी भाव उतरवून पाहिला, तरी फरक पडला नाही.

पुढे लक्षात आलं, घुंगरू ही जत्रेत घ्यायची वस्तूच नाही. नर्तकी आयुष्यात ते दोनदा, फार तर तीनदा घेते. पन्नासवरून शंभरवर जाताना एकदा, रंगमंचावर उभं राहायच्या आधी एकदा. आणि तेही आपल्या गुरूला विचारून. कित्येक घरांत घुंगरू आधी गुरूच्या हाती देतात, पूजा होते, गुरू आपल्या हातानं ते शिष्येला देतात आणि मगच ते पायात जातात. महोत्सव बघायला आलेली मुलगी वाटेत दिसला म्हणून स्कार्फ घेते, कानातले घेते. तसे ती घुंगरू कसे घेईल? घेऊही नयेत, असं आज मी म्हणते. ज्या वस्तूला आपण वाकून नमस्कार करून हात लावतो, ती घासाघीस करून विकायला मी चादरीवर मांडत होते. माझं काहीतरी चुकत होतं.

याउलट एक उदाहरण आमच्या शेजारचंच. खारघरला माझी एक मैत्रीण जुलै ते सप्टेंबर गरब्याची वर्कशॉप घेते. ठाणे-नवी मुंबईत नवरात्राआधी सोसायट्यासोसायट्यांतून असे वर्ग भरतात. ती त्याच वर्गात दांडियाच्या टिपऱ्या आणि घागरे विकते आणि सगळा माल घटस्थापनेच्या आधी संपलेला असतो. कारण घेणाऱ्याला माहीत आहे, अमुक तारखेला मला हे घालून नाचायचं आहे. गरज तारखेला बांधलेली आहे, आणि शिकवणारी व विकणारी बाई रोज डोळ्यांसमोर आहे. माझ्याकडेही घुंगरू खपतात ते जूनमध्ये, नवे प्रवेश झाले की, नाहीतर परीक्षेच्या आधी. तेव्हा मी घरी असते.

नाशिकच्या पानापाशी आम्ही बराच वेळ थांबलो.

कसारा घाट ओलांडून गेले की नाशिक, फार लांबचा प्रवास नाही. दोन दिवसांचा छोटा महोत्सव होता. आयोजकांनी कबूल केलेली जागा प्रवेशद्वाराशी होती, प्रत्यक्षात टेबल मिळालं मागच्या बाजूला, गाड्या लावतात तिथं. पहिला दिवस जवळजवळ रिकामा गेला. दुपारी साठीच्या आसपासच्या एक बाई आल्या. खांद्यावरच्या पिशवीतून जुन्या मऊ साडीत गुंडाळलेलं काहीतरी काढलं. घुंगरू होते. काळपट पडलेले, पण जड, जुन्या घडणीचे. दोरी इतकी कुजलेली की हात लावताच तिघं-चौघं गळून टेबलावर पडले. त्या म्हणाल्या, "हे माझ्या बाईंचे. त्या गेल्या तेव्हा मला दिले. मी आता नाचत नाही, पण हे असे सुटलेले बघवत नाहीत. बांधून द्याल?"

माझ्याकडे दोरीचं एक रीळ होतं, स्वतःसाठी ठेवलेलं. मी टेबलावरचा विक्रीचा माल बाजूला सारला आणि बसले. आधी जुनी दोरी कापून घुंगरू सुटे केले, कोरड्या फडक्यानं पुसले. चिंच लावून घासायचा मोह होतो, पण आतला खडा लोखंडाचा असेल तर पाणी शिरून गंजतो आणि आवाज कायमचा बसतो. मग एकेक गाठ. त्या समोरच्या खुर्चीवर बसून राहिल्या. मधेच म्हणाल्या, "बाई डाव्या पायाला आधी बांधायच्या." थोड्या वेळानं, "तत्कार करताना बोलायच्या नाहीत, नुसतं बघायच्या."

तासाभरात भोवती मुली जमल्या. एकीनं विचारलं, गाठ कशी मारता, परत दाखवा ना. दुसरीनं आपले घुंगरू पिशवीतून काढून दाखवले, गाठी सगळ्या सैल. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की दोरी दोन-तीन वर्षांनी बदलायची असते. मी ओवता ओवता बोलत राहिले. घुंगरू घोट्याच्या किती वर बांधायचे, पहिला वेढा किती घट्ट, दोरीचं शेवटचं टोक कुठं खोचायचं म्हणजे चक्कर घेताना सुटत नाही. मग एकीला उभं केलं, आधी नुसत्या पायांनी "ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्" करायला लावलं, नंतर तिचेच सैल घुंगरू बांधून, नंतर माझे घट्ट बांधून. तिन्हींतला फरक सगळ्यांना कानांनी कळला. पैसे कुणी दिले नव्हते, वर्कशॉप म्हणून ते जाहीर नव्हतं. इतक्या वर्षांत माझ्याकडून याहून चांगलं शिकवून झालेलं मला आठवत नाही.

एक पाय संध्याकाळपर्यंत झाला. दुसरा मी रात्री खोलीवर बसून केला. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनी दोन्ही पायांचे घुंगरू हातात घेतले आणि नुसते ऐकले. मी ७०० रुपये सांगितले होते, त्यांनी हजार दिले. त्या दिवशी आणखी सात जणींनी आपले घुंगरू आणले. चार मी बरोबर ठाण्याला घेऊन आले आणि बांधून कुरिअरनं पाठवले. त्या दौऱ्यात मोठी जोडी एकही विकली गेली नाही. तरीही वहीतलं ते पान जमेचं आहे. पुढच्या वर्षी त्याच बाईंच्या ओळखीतल्या एका क्लासनं मला दोन दिवस शिकवायला बोलावलं. १८,००० रुपये ठरले, निम्मे आधी, राहणं त्यांच्याच घरी.

हे "निम्मे आधी" मला कुणी शिकवलं तेही सांगते. एकदा माळशेज घाटमार्गे पुण्याकडे जाताना आम्ही नारायणगावला थांबलो. जुन्नर तालुक्यातलं हे गाव तमाशाची पंढरी म्हणून ओळखलं जातं. गावोगावच्या यात्रा सुरू व्हायच्या आधी फडांचे मालक तिथं राहुट्या टाकून बसतात. गावची पंचमंडळी येतात, राहुटीत बसून बोलणी करतात, तारीख ठरते, रक्कम ठरते, सुपारी पक्की होते. एका राहुटीतल्या व्यवस्थापकांना मी विचारलं, "गावानं नंतर पैसे कमी दिले तर?" ते म्हणाले, "बाई, इसार हातात पडल्याशिवाय आमची गाडी हलत नाही. एवढी माणसं पोटाला घेऊन फिरायचं, ते काय आशेवर?"

तो शब्द माझ्या मनात रुतून बसला. इसार, म्हणजे आगाऊ रक्कम. आमच्याकडं शब्द आहे मानधन. फार सुंदर शब्द आहे, पण मान आणि धन एकत्र बांधल्यानं धनाची चौकशी केली की मानाला धक्का लागल्यासारखं होतं. आयोजक म्हणतात, "मानधनाचं बघू हो, आधी तुम्ही या तर." आणि आपण जातो. कीर्तनकाराला बिदागी मिळते, तमाशाला सुपारी मिळते, दोन्हीकडे आकडा बोलायला कुणी लाजत नाही. शास्त्रीय नृत्य शिकवणाऱ्या मध्यमवर्गीय बायका तेवढ्या लाजतात. घरातून कुणाच्या तरी पगारावर हा तोटा भरून निघतो, आणि त्यालाच आपण कलेची सेवा म्हणतो. मीही म्हटलं आहे. ज्या मुलीच्या घरात असा दुसरा पगार नाही, तिनं मग या क्षेत्रात यायचंच नाही का? ऐरोलीच्या या मुलीचे वडील रिक्षा चालवतात. तिला मी "जा, अनुभव मिळेल" असं कसं सांगू?

शिकवण्याबद्दल तिच्याशी आणखी एक बोलले. परगावी वर्कशॉपला येतात त्या दुसऱ्या कुणाच्या तरी शिष्या असतात. आधी त्यांच्या गुरूंना फोन करायचा, काय शिकवणार ते सांगायचं. दोन दिवसांत नवं कवित्त, नवी तिहाई अशा रचना भराभर देता येतात, मुली मोबाइलवर चित्रीकरण करून नेतात, खूश होतात. पण हात आपल्या घराण्याचे आणि पाय त्यांच्या, अशी सरमिसळ घेऊन त्या परत जातात आणि निस्तरावी लागते त्यांच्या गुरूंना. मी आता परगावी रचना देत नाही. तत्कार, घुंगरांची बांधणी, लय हातावर म्हणणं, एवढंच. हे कुठल्याही घराण्यात उपयोगी पडतं.

सरकारी बाजूही सांगून ठेवली. दुसऱ्या राज्यात जाऊन तात्पुरता स्टॉल लावून करपात्र माल विकायचा, तर उलाढाल छोटी असली तरी सर्वसाधारणपणे जीएसटीत कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन, म्हणजे तात्पुरती करदाती म्हणून तिथं नोंदणी लागते. तिची मुदत एका वेळी ९० दिवसांपर्यंत, आणि अंदाजे कर आगाऊ भरायचा. हस्तकलेच्या काही वस्तूंना यातून सवलत आहे, आपला माल त्यात बसतो का ते सीएला विचारून घ्यायचं. मला हे पहिली तीन वर्षं माहीतही नव्हतं.

मग तिनं तो प्रश्न विचारला, जो मी टाळत होते. "पण ताई, तुम्ही खजुराहोला अजूनही जाता की."

जाते. खजुराहोचा नृत्यमहोत्सव १९७५पासून भरतो, फेब्रुवारीत. सतन्यापर्यंत रेल्वे, तिथून पुढे गाडी, एक अख्खा दिवस जातो. मी तिथं स्टॉल लावत नाही, शिकवत नाही. संध्याकाळी मंदिरांवर दिवे लागतात, थंडी पडते, शाल घेऊन मी पहिल्या नमनापासून शेवटपर्यंत बसते. मणिपुरी, ओडिसी, कुचिपुडी, कथक. दुसऱ्या नृत्यातला एखादा पाय कसा पडतो ते पाहून माझ्या मुलींना काय सांगायचं ते सुचतं. त्याचा खर्च बारा-चौदा हजार येतो आणि तो मी वर्षभर बाजूला टाकते, जसे लोक तीर्थयात्रेला टाकतात. तो हिशेब वेगळ्या वहीत आहे. पूर्वी दोन्ही एकाच वहीत होते. बघायची हौस आणि विकायचा धंदा एकमेकांत मिसळले होते, आणि त्यामुळे दोन्ही नीट होत नव्हते. स्टॉल सोडता येत नाही म्हणून मी कित्येक महोत्सवांतलं नृत्य नुसतं लाउडस्पीकरवर ऐकलेलं आहे. ते मला आजही टोचतं.

आता मी वर्षाला तीन किंवा चार दौरे करते. शिकवण्याचे पैसे ठरलेले, निम्मे आलेले, शनिवार-रविवार सोडून नाहीतर शाळेच्या सुट्टीत. विकायला माल नेत नाही. कुणाला नवी जोडी हवी असेल तर तिच्या गुरूंच्या संमतीनं, घोट्याचं माप घेऊन, घरी बांधून पाठवते. बॅगेत दोरीची रिळं, कात्री, फडकी आणि माझी एकच जोडी. वाशी, नेरूळ, पनवेल अशा जवळच्या कार्यक्रमांना मात्र टेबल मांडते. ट्रान्स-हार्बर लोकलनं ठाण्याहून वाशी अर्ध्या तासावर, रात्री आपल्या घरी, खोलीचं भाडं नाही. तिथंही पाटीवर लिहिलेलं असतं: घुंगरू ओवून मिळतील. इंदूरला मात्र एकदा परत जायचं आहे, शिकवायला. तिथल्या त्या चौदा मुलींपैकी एक अजून फोन करते, तिच्या गाठी सैल झाल्या आहेत.

वह्या मिटल्यावर ती मुलगी खाली बसली आणि मी तिला गाठ दाखवली. पहिली माळ एकतिसाव्या घुंगराला सैल पडली, तिनं ती उकलली. दुसरी चाळीसच्या पुढे गेली. उठली तेव्हा तर्जनी लाल झालेली होती आणि ती ओठांशी धरून ती नुसती हसली.

काल रात्री तिचा मेसेज आला. पनवेलच्या एका क्लासनं मार्चमध्ये एका दिवसासाठी बोलावलंय, निम्मे पैसे आज खात्यात आले. खाली विचारलं होतं, ताई, दोरी किती घेऊ? मी लिहिलं, तीन रिळं.